पान अकरावरची वीस मिनिटं

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काचवाली चिमट्याने एकेक गोल काच उचलून जाळीवर वाळत ठेवत होती. नखाएवढ्या चोवीस काचा. अकरा वर्षांच्या नोकरीत तिने मुद्दाम हे कधी केलं नव्हतं. आज ती ते घड्याळ समोर ठेवून करत होती.

काचवाली हे नाव तिला प्रयोगशाळेत पडलं. काचा आम्लात धुवायच्या, त्यांवर लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचा थर चढवायचा आणि त्यावर उंदराच्या मेंदूतल्या पेशी सोडायच्या, हे तिचं काम. मेंदूची पेशी अधांतरी वाढत नाही. तिच्या अंगावर पकड घेणारी प्रथिनं असतात. त्यांना खाली धरायला काही सापडलं की पेशी बूड टेकते, तिच्यातून धागा फुटतो, पुढे सरकतो आणि शेजारणीला गाठतो. लॅमिनिनचा थर वाळला तर त्याची घडी बिघडते. मग पेशींना धरायला काही उरत नाही. त्या एकमेकींनाच बिलगतात आणि त्यांचे गोळे होतात.

हे तिला पहिल्याच वर्षी कळलं. फोनवर नणंदेने अर्धा तास खाल्ला, तेवढ्यात एक ट्रे वाळला आणि वाया गेला. तेव्हापासून ती थर ओला असतानाच पेशी सोडायची. घरी सांगितलं तेव्हा नवरा हसला. तो पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होता.

"यात शोध कसला? खळ वाळल्यावर कागद चिकटवायला गेलो तर मालक मलाच दाराबाहेर चिकटवेल."

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिची पद्धत स्वतःच्या नावाने एका शोधपत्रिकेत छापली. कच्च्या मसुद्यात शेवटी तिचे आभार होते. छापून आलं तेव्हा तिथे 'कर्मचारी वर्ग' होता. तेवढं तिने गिळलं. पण पान अकरावर लिहिलं होतं: थर दिल्यावर काचा वीस मिनिटं वाळवाव्यात. अंक घेऊन ती सरांच्या खोलीत गेली.

"सर, हे चुकलंय. मी वाळवत नाही."

सरांनी मानही वर केली नाही. "बाई, हात तुमचे, डोकं आमचं. ही वाटणी मोडू नका."

खोलीत चौघे होते. चौघेही हसले. आधी कोण हसलं, हेही तिच्या लक्षात राहिलं.

ती आपल्या पद्धतीने काम करत राहिली, सरांकडे सुरेख छायाचित्रं येत राहिली. बाहेरच्या प्रयोगशाळांना मात्र छापील पद्धत जमेना. तक्रारी वाढल्या, तपासणी समिती नेमली गेली. ती गुरुवारी येणार म्हणताच सरांनी भिंतीवर सहीनिशी चिठ्ठी लावली: छापील पद्धत, शब्दशः. स्वतःची अक्कल नको. काचवालीने ती सोडवून वहीत चिकटवली.

सोमवारी संध्याकाळी नवऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "काहीतरी शिजतंय वाटतं."

"शिजत काही नाही. वाळतंय."

गुरुवारी समितीच्या प्रमुख बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चोवीसच्या चोवीस काचांवर गोळे. धागा एकही नाही.

"बाई, काय करून ठेवलंत?" सरांचा आवाज चिरकला.

"पान अकरा," ती म्हणाली आणि वही उघडून चिठ्ठी दाखवली. मग तिने उबवणीपेटीतून दुसरा ट्रे काढला. त्याच सकाळच्या, त्याच पेशी. फक्त या सहा काचा वाळवलेल्या नव्हत्या. प्रमुख बाई बराच वेळ वाकून होत्या. धागे काचेच्या कडेपर्यंत पोचले होते.

"हे आधी कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, सरांच्या खोलीत. चौघे साक्षीदार होते. त्यातले दोघे आत्ता तुमच्या मागे उभे आहेत."

मागे वळून पाहायची कोणाला गरज पडली नाही. सरांचे कान लाल झाले होते. काचवालीने ते नीट पाहून घेतले. दोन वर्षं तिला एवढंच पाहायचं होतं, आणि ते पाहूनही तिचं पोट भरलं नाही.

समिती गेल्यावर सर तिच्या टेबलाशी आले. पहिल्यांदाच.

"दुरुस्ती छापायला पाठवतो. तुमचं नावही घालतो. उद्यापासून तुमच्या पद्धतीने सुरू करा, तुमच्या काचांवर सहा जणांचं काम अडलंय."

"छापून येऊ दे."

"दोन महिने लागतात त्याला."

"मी दोन वर्षं थांबले. तोवर डोकं तुमचंच राहू द्या, सर."

चिठ्ठीवरची सही त्यांचीच होती. ते आपल्या खोलीकडे परत गेले.

फळ्यावर शुक्रवारच्या कामात चोवीस काचा आहेत. सात वाजून दहा मिनिटांनी त्या जाळीवर जातील आणि साडेसातपर्यंत वाळतील.