उष्टं म्हणजे काय

संस्कृती शब्दांतून टिकते, असं शेजारच्या काकू नेहमी सांगत. जर्सी सिटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ती मुख्यतः एकाच शब्दात टिकली होती: उष्टं. चव बघितलेला चमचा पुन्हा पातेल्यात गेला, की त्या अख्खी आमटी सिंकमध्ये ओतत.

नव्वदच्या दशकातल्या एका थंडीत त्यांची नवी जपानी सून पहिल्यांदाच सासरी रांधत होती. मलाही बोलावलं होतं. टेबलावरच्या शेगडीवर मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, दाट रश्शात कोबी, मश्रूम, टोफू शिजत होते. तो वास मला अजून आठवतो. मग सुनेने सगळ्यांना आपापल्या जेवायच्या काड्या, चॉपस्टिक्स, त्याच भांड्यात घालायला सांगितल्या.

“अगं बाई, सगळ्यांचं उष्टं!” काकूंच्या तोंडून निघालंच.

“उष्टं म्हणजे काय, आई?” सुनेने नुकत्याच शिकलेल्या मराठीत विचारलं. तिचा चेहरा उतरू लागला होता. काकूंचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला, मी टोफूकडे.

“उष्टं म्हणजे... शेअरिंग गं,” काकू म्हणाल्या. त्यांनी आपला चमचा भांड्यात बुडवला, तोंडात घातला आणि पुन्हा बुडवला.

सून खुलली.

पुढच्या गणपतीत ती दारात उभी राहून प्रत्येक पाहुण्याला आग्रह करत होती, “काका, थोडं उष्टं खाऊन जा ना!”