देवीदास बॅकनं ऐकलेला शब्द

फुटबॉलात बॅकसारखा करंटा गडी दुसरा नाही. पुढं खेळणारा दहा वेळा चुकतो, अकराव्यांदा गोल मारतो आणि गावाचा लाडका होतो. बॅक दहा वेळा वाचवतो, अकराव्यांदा चुकतो आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. देवीदास गुलाबराव नागदेवे यानं हा उद्योग कॉलेजात पत्करला आणि जबलपुरात तो चांगली चौदा वर्षं केला. रांझीच्या बाजारात म्हातारी मंडळी अजूनही त्याला ‘देवीदास बॅक’ म्हणूनच ओळखतात. नागदेवे म्हटलं तर विचारतील, कोण बुवा?

वडील गुलाबराव भंडाऱ्याकडचे. तोफांच्या कारखान्यात मजुरीवर लागले म्हणून जबलपूरला आले. छप्पन सालच्या ऑक्टोबरात ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि पंधरा-वीस दिवसांत राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर गेलं मुंबईकडे, जबलपूर राहिलं मध्य प्रदेशात. गुलाबराव म्हणायचे, “मी धर्म बदलून आलो, तर सरकारनं मागून नकाशाच बदलला.” तेव्हापासून नागपूर म्हणजे परराज्य आणि मराठी म्हणजे उंबऱ्याच्या आतली भाषा. उंबरा ओलांडला की हिंदी.

त्यातून गमती व्हायच्या. आई पार्वताबाई पोराला म्हणायची, “खाली बस,” म्हणजे भुईवर टेक. आणि रस्त्यावर कोणी म्हणालं, “खाली बस आई है,” तर रिकामी बस आली. मराठीतलं खाली तळाशी, हिंदीतलं खाली रिकामं. देवीदासला याचं कधी अडलं नाही. कोणाच्या तोंडून कुठलं खाली आलं, हे त्याला न सांगता कळायचं. निदान तो तसं समजत होता.

कॉलेजात त्याला बॅक केलं ते विष्णुपंतांनी. विष्णुपंत म्हणजे खेळाचे सर. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीपासून इथं नांदत होतं, राइट टाउनात टुमदार घर, मराठी एकदम कडक इस्त्रीची. काटकुळ्या देवीदासला त्यांनी डावीकडे उभं केलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, “चेंडूकडे बघू नकोस, समोरच्याच्या कमरेकडे बघ. पाय फसवतात, कंबर फसवत नाही. आणि मागे वळून बघायचं नाही. मागचं कीपर सांगेल. कीपरवर भरवसा नसेल तर बॅक होऊ नकोस.”

देवीदासनं ते मनावर घेतलं. तो चेंडूमागे धावायचाच नाही. समोरचा कुठं जाणार ते ओळखून आधीच तिथं जाऊन उभा राहायचा, एखाद्या सरकारी बाबूसारखा थंड. कॉलेजनं दोन वर्षं ढाल जिंकली, तो विद्यापीठाच्या संघात गेला, आणि सत्तर साली खेळाच्या जोरावर वडिलांच्याच कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागला. ज्या फाटकातून बाप मजूर म्हणून आत जायचा त्याच फाटकातून पोरगा कारकून म्हणून गेला. गुलाबराव त्या दिवशी कामावर इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि दिवसभर तो मळू नये म्हणून हाल काढले.

कारखान्याच्या संघात सगळा कारभार हिंदीत. कीपर मागून ओरडायचा. ‘पीछे’ म्हणजे पाठीवर माणूस आहे. ‘मेरा’ म्हणजे चेंडू माझा, तू हो बाजूला. आणि ‘खाली’ म्हणजे तुझ्याजवळ कोणी नाही, आरामात घे. चार वर्षं हे तीन शब्द ऐकून देवीदासचे पाय आपोआप चालायचे. डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

चौऱ्याहत्तरमध्ये जुना कीपर निवृत्त झाला आणि नागपूरहून श्रीकांत आला. बावीस वर्षांचा, मांजरासारखा चपळ आणि तोंडाचा भलता सैल. त्याला घेतलं होतं तात्पुरतं. हंगाम नीट काढलास तर कायम करू, नाहीतर तुझा रस्ता तुला मोकळा, असं मॅनेजरनं स्वच्छ सांगितलं होतं. घरी धाकट्या दोन बहिणी आणि वडील अंथरुणावर. श्रीकांत ते कधी रडून सांगायचा नाही, पण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असायचा.

त्याला हिंदी येत नव्हती असं नाही, पण गडबडीत तोंडातून नागपूरच बाहेर पडायचं. देवीदासला तर घरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. तो त्याला पहिल्याच आठवड्यात जेवायला घेऊन गेला. पार्वताबाईच्या हातची भाकर आणि ठेचा खाऊन श्रीकांत म्हणाला, “मावशी, आता मी रोजच येत जाईन, मले हाकलू नका.” आणि खरंच रोज यायला लागला. पार्वताबाई त्याच्यासाठी एक भाकर जास्तीची टाकू लागली.

एका रविवारी दोघं भेडाघाटला गेले होते. धबधब्याचा आवाज असा की बाजूच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. दोघं मराठीत ओरडत होते, आणि आजूबाजूचे लोक हे काय चाललंय म्हणून बघत होते. तेव्हा देवीदासच्या डोक्यात आलं.

“श्रीकांत, आपण मैदानावर मराठीतच बोललो तर? समोरच्याले काही समजणारच नाही.”

“अबे, मॅनेजर ओरडंल ना.”

“त्याले कशाला सांगतो? आपल्या दोघांतच राहू दे.”

म्हणजे कल्पना देवीदासची आणि लपवायचं ठरवलं तेही देवीदासनंच. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं त्यानं स्वतःच ते विसरल्याचं सोंग घेतलं.

त्या वर्षीच्या कपाचे सुरुवातीचे तीन सामने झकास गेले. श्रीकांत मागून ‘सोड’, ‘डावीकडं’, ‘मागं आहे’ करत होता आणि समोरचे गडी बावचळत होते. तिन्हींत एकही गोल बसला नाही. मॅनेजर खूश, श्रीकांतची फाइल वर गेली असं कोणीतरी सांगितलं, आणि अंतिम सामन्याला राज्याचा संघ निवडायला भोपाळहून दोन साहेब आले. त्यांच्या यादीत देवीदासचं नाव होतं. जबलपूरच्या कारखान्यातून तोवर कोणी राज्याकडून खेळलं नव्हतं.

सामना राइट टाउनच्या मैदानावर. शेवटची सात मिनिटं राहिली, दोन्हीकडे शून्य. समोरच्यांनी लांबून एक उंच चेंडू टाकला. तो देवीदासच्या दिशेनं येत होता आणि त्यांचा पुढचा गडी त्याच वेळी देवीदासच्या पाठीमागून आत घुसत होता. श्रीकांतला तो दिसला. देवीदास खाली सरकला, गोलाकडे मागे गेला, तर वाट बंद होणार होती. श्रीकांत जीव खाऊन ओरडला, “खाली! देवीदास, खाली!”

आणि देवीदासच्या पायांनी हिंदीतलं खाली ऐकलं. कोणी नाही, आरामात घे. तो जागेवर थांबला. चेंडू छातीवर घ्यायला त्यानं ऐटीत हात फाकवले. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, मागच्या गड्यानं तो पायावर घेतला, आणि जाळं हललं.

चेंडू जाळ्यात जायच्या आतच देवीदासला कळलं होतं. अरे, तो मराठीत बोलत होता. आपणच तर सांगितलं होतं.

सामना हरल्यावर मॅनेजर तणतणत आला. “क्या चिल्लाया था तू?” त्यानं श्रीकांतला विचारलं.

“खाली बोला था,” श्रीकांत म्हणाला.

“आदमी पीछे खड़ा है और तू बोलता है खाली?”

“नहीं साब, वो मराठी में...”

“मराठी कहाँ से आ गई यहाँ? क्यों देवीदास, तूने क्या सुना?”

भोपाळचे साहेब चार हातांवर उभे होते. श्रीकांत देवीदासकडे बघत होता, निश्चिंत. आता हा सांगेल आणि प्रकरण मिटेल, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

देवीदास म्हणाला, “मैंने तो खाली ही सुना, साब.”

बघा, यात एक अक्षर खोटं नाही. कोर्टात उभं केलं असतं तरी सुटला असता. आणि एवढं मोठं खोटं तो जन्मात पुन्हा बोलला नाही.

श्रीकांतनं मान खाली घातली आणि हातमोजे काढायला लागला. महिना संपताच त्याला निरोप मिळाला. जाताना तो पार्वताबाईच्या पाया पडून गेला, तेव्हा देवीदास मुद्दाम घरी नव्हता. पुढं आई विचारायची, “श्रीकांत काहून नाही येत रे आता?” देवीदास सांगायचा, “नागपूरले गेला.” तेही खरंच होतं. त्याला आता खरं बोलून खोटं सांगायची सवय लागत चालली होती.

देवीदास राज्याकडून दोन मोसम खेळला. पेपरात फोटो आला, गुलाबरावांनी तो भिंतीवर लावला. श्रीकांतची तीन पत्रं आली, वर्षाला एक. मजकूर एकच, मी बरा आहे, तू खेळतोस ना, मावशीला नमस्कार. देवीदासनं उत्तर दिलं नाही. चौथ्या वर्षी पत्र आलं नाही तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची लाजही वाटली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. मग गुडघा गेला, खेळ सुटला, लग्न झालं, मुली झाल्या. कारखान्याच्या नव्या पोरांना तो शिकवू लागला. बॅकना सगळं शिकवायचा, पण कीपरनं काय ओरडावं हा विषय निघाला की बूट बांधायला वाकायचा.

दोन हजार नऊमध्ये तो निवृत्त झाला. सिव्हिल लाइन्सच्या एका सभागृहात निरोपाचा कार्यक्रम होता. जुना मॅनेजर काठी टेकत आला होता. भाषणात म्हणाला, “देवीदास की तरफ से हमने जिंदगी में एक ही गोल खाया, और वो भी कीपर की मेहरबानी से.” लोक हसले. देवीदासही हसला. आणि हसता हसता त्याला स्वतःची शिसारी आली.

घरी येऊन त्यानं गळ्यातला हार काढला आणि बायकोला, लताला, पहिल्यांदा सगळं सांगितलं. लता भाजी निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अच्छा. मग हे मले काहून सांगून राहिले? मी काय कीपर होती? ज्याले सांगायचं त्याले सांगा ना.”

तीन पत्रांवर पत्ता होता. पस्तीस वर्षांत माणूस घर बदलतो, गाव बदलतो, जगातून जातो. पण देवीदास निघाला. नागपूरला उतरून विचारत विचारत गेला, तर श्रीकांत त्याच घरात होता. केस गेले होते, पोट सुटलं होतं. एका खाजगी शाळेत पोरांना खेळ शिकवून आता घरीच असायचा. देवीदासला बघून तो म्हणाला, “अबे, म्हातारा झाला की तू. ये ना आत.”

त्याच्या बायकोनं, मीरानं, पाणी दिलं. नाव ऐकताच ती म्हणाली, “म्हणजे जबलपूरचे ते देवीदासभाऊ तुम्हीच? यांच्या एका शब्दापायी तुमचा कप गेला ना? मी यांना कितीदा म्हटलं, त्या दिवशी तोंड सांभाळलं असतं तर आज पेन्शन खात बसलो असतो. नणंदांची लग्नं काढताना माझे दागिने गेले ते गेले. पण यांचं आपलं एकच, चूक माझीच होती.”

तिनं ते हसत सांगितलं, पण त्या हसण्यात पस्तीस वर्षं मुरलेली होती. देवीदासनं पेला ठेवला.

“वहिनी, चूक त्याची नव्हती.”

“देवीदास, सोड ना,” श्रीकांत म्हणाला. “जुनं झालं ते.”

“नाही. मले बोलू दे.” आणि देवीदास बोलला. मैदानावर मराठीत बोलायची कल्पना माझी. श्रीकांत बरोबर ओरडला, मी चुकीचं ऐकलं. ते मला तिथंच, त्याच वेळी कळलं होतं. मॅनेजरनं मला विचारलं, आणि राज्याच्या संघात जायला मिळावं म्हणून मी याला मरू दिलं.

मीरा भिंतीला टेकून उभी होती. ती देवीदासकडे बघतच नव्हती. नवऱ्याकडे बघत होती.

“तुम्हाले माहीत होतं?”

श्रीकांतनं मान हलवली.

“पस्तीस वर्षं मी तुम्हाले टाकून बोलून राहिली. पोरांसमोर बोलली, माहेरी बोलली. अन् तुम्ही मुकाट्यानं ऐकून राहिले? मले काहून नाही सांगितलं?”

श्रीकांतनं देवीदासचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, “सांगितलं असतं, तर हा आज आला तसा तू याले दारातूनच परत लावलं असतं. मले वाटे, कधीतरी येईल हा.”

मीरा पदर तोंडाला लावून आत निघून गेली. देवीदास बॅक तिथंच बसला होता, साठ वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या घरात, आणि त्याला रडू आवरेना.