वन्संचं नितळ कपाळ

माझ्या सख्ख्या नणंदेने मला फसवलं आणि माझ्या तोंडून माझ्या सहा गिऱ्हाइकांना. दोन हजार चार-पाचची गोष्ट.

रत्नागिरीत रस्त्यावर पाटी मांडून मी आंबे विकायला लागले. स्वतःचं दुकान झालं ते माझ्या शब्दावर. मी गोड म्हटलं की बायका कापून न बघता पेटी उचलत. भाव सांगताना मी समोरच्याच्या कपाळाकडे बघते. तोंड ‘महाग’ म्हणतंय, पण आठी नाही? मग एक रुपया सोडायचा नाही.

त्या मे महिन्यात वन्सं मुंबईहून आल्या. पन्नाशी उलटलेली, कपाळ मात्र नितळ. बॅगेत आठ्या घालवणाऱ्या पेप्टाइड क्रीमच्या डझनभर डब्या.

"इंजेक्शनं घेतात त्या खुळ्या, वहिनी. तेच काम ही डबी करते. माझ्याकडे बघा की!"

मी बघितलं, आणि दुकानात उभी राहून सहाजणींना सांगितलं, घ्या, मी सांगत्ये ना. तीन महिने आम्ही सगळ्या ते चोळत होतो. कातडी मऊ झाली, आठ्या जिथल्या तिथे.

गणपतीत माझ्या हातून वन्संच्या नव्या साडीवर आमटी सांडली. "डोळे फुटले काय तुमचे?" त्या कडाडल्या. नाकपुड्या फुगलेल्या, ओठ थरथरत होते, आणि कपाळावर एक रेघ नाही!

"वन्सं, सुई कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा," त्या पुटपुटल्या. "पण क्रीमही लावते हो मी."

त्वचेच्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. कपाळावरची आठी खालचा स्नायू ओढला गेला की पडते. इंजेक्शन तो स्नायू तीन-चार महिने ढिला करतं, मग पुन्हा टोचावं लागतं. क्रीम बारीक रेघा थोड्या मऊ करील, पण स्नायूपर्यंत पोचणं कठीण.

वन्संनी खुशाल टोचून घ्यावं. डबीला श्रेय का दिलं?

पुढच्या हंगामात त्या सहाजणींतल्या देवरूखच्या शिक्षिकाबाई आल्या. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "कापून दाखव गो आधी. तुझ्या क्रीमसारखं नको." मी सुरी घेतली. आंबा कापून दाखवला, राग मात्र वन्संवर होता.

वन्सं, मी अजून विसरलेली नाही. माझ्या दुकानात या. सहाहीजणींना मी बोलावते. त्यांच्यासमोर तुमच्या तोंडाने सांगा की कपाळ सुईने नितळ झालं, आणि तुम्ही मला खोटं का बोलायला लावलंत.