टेसाचं डुक्कर ट्रकमध्ये चढतं

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या एका भागात लव्होन ब्रूनरबाईंनी उभी हयात मुलांना डुकरं वाढवायला आणि जत्रेतल्या प्रदर्शनात मिरवायला शिकवलं. त्यांचा एकच कडक नियम होता: प्रदर्शन संपलं की कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये आपलं डुक्कर ज्याचं त्यानंच चढवायचं.

यंदा ट्रकपाशी आल्यावर त्यांची विद्यार्थिनी टेसा हिने डुक्कर हाकायची काठी टाकून दिली. "मी नाही चढवणार, बाई."

तिचा बाप हसला. "मग काय, घरी नेऊन लग्न लावतेस त्याचं? सर बाजूला."

पण डुक्कर त्याला दाद देईना. त्याने ढकललं, शिव्या घातल्या, तरी ते ट्रकच्या तोंडाशी बसकण मारून राहिलं. मागची रांग खोळंबली, तसा बाप विजेची काठी आणायला निघाला.

ब्रूनरबाई टेसाजवळ गेल्या. "पोरी, झटके खाऊन चढण्यापेक्षा तुझ्या हाकेने चढू दे."

टेसा ट्रकमध्ये उभी राहिली आणि रोज दाणा घालताना मारायची तशीच लाडाची हाक तिने मारली. डुक्कर उठलं आणि तुरुतुरु वर गेलं.

खाली उतरताना तिने बाईंनी आधाराला पुढे केलेला हात झिडकारला. "झालं समाधान?"

बाईंनी पुढच्या मुलाला खूण केली. मग टेसाने टाकलेली काठी त्यांनी खाली वाकून उचलली.