सिस्टरांच्या घरचा केक

सिस्टर कुठलाही पदार्थ तोंडात घालण्याआधी हुंगायच्या. घर कुणाचं, निमित्त काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. आमच्याकडे सत्यनारायण होता, आईने द्रोणातून प्रसादाचा शिरा दिला, तेव्हाही त्यांनी द्रोण नाकापाशी नेला आणि विचारलं, "बाई, शिरा कुणी केला? कधी केला? तूप घरचंच ना?" पूजा सांगायला आलेले गुरुजी बघतच राहिले. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. प्रश्न विचारायची तिला सवय होती, उत्तरं द्यायची नव्हती. "मीच केलाय. पहाटे पाचला. हात धुऊन," ती म्हणाली. मग सिस्टरांनी शिरा खाल्ला आणि आणखी मागून घेतला.

त्या रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या रेवदंड्याकडच्या, ख्रिश्चन. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला आणि सिस्टर रोह्याजवळच्या वरसे गावात आमच्या शेजारी घर बांधून राहिल्या. त्यांचं नाव टपालावर असायचं तेवढंच. आळीत त्या सगळ्यांच्या सिस्टर.

विकतच्या खाण्यावर त्यांचा दात होता. दवाखान्यात असताना एका लग्नाचं अख्खं वऱ्हाड बासुंदी खाऊन वॉर्डात आलं होतं. खाटा पुरल्या नाहीत, माणसं जमिनीवर निजवली. तेव्हापासून त्या हॉटेलात चहासुद्धा घेत नसत. एका दिवाळीत आईचा पाय मुरगळला होता म्हणून आम्ही चकल्या विकत आणल्या. फराळाचं ताट सिस्टरांकडे गेलं, ते चकल्यांसकट परत आलं. "लाडू ठेवलेत. चकल्या तुमच्या हातच्या नायत, बाई," एवढंच त्या म्हणाल्या. आईला ते फार लागलं. त्या चकल्या ती पुढे कितीतरी वर्षं विसरली नाही.

या सगळ्या संशयातून सुटलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे सिस्टरांचा स्वतःचा नाताळचा केक. काळसर, कडेला खडबडीत, आत मनुका, काजू, संत्र्याच्या सालीचे पाकवलेले तुकडे. आळीतल्या अकरा घरांत तो जायचा. नोव्हेंबर लागला की सुका मेवा चिरून त्या दोन बरण्यांत भिजत घालायच्या. एकीत रम आणि दुसरीत संत्र्याचा रस. रसाच्या बरणीवर दवाखान्यातली चिकटपट्टी लावून 'बाई' असं लिहिलेलं असे. तरी दरवर्षी आई विचारायचीच, "सिस्टर, बरण्यांची अदलाबदल नाही ना झाली?" सिस्टर तिला बरणीचं झाकण उघडून द्यायच्या. "घ्या वास. शंका ठेवू नका." आई वास घ्यायची, आणि तिची शंका पुढच्या नाताळपर्यंत मिटायची.

बाजारातली टुटीफ्रुटी त्यांच्या केकात कधी पडली नाही. "टुटीफ्रुटी म्हंजे रंगवलेली पपई गो," त्या मला सांगायच्या. "पपई मला ठाऊक हाय. रंग कुठला ते ठाऊक नाय." केकाचा काळा रंग त्या साखर जाळून आणत. साखर करपायच्या अगदी काठावर आली की गरम पाणी ओतायचं. आधी ओतलं तर रंग येत नाही, उशीर झाला तर सगळा केक कडू. तो क्षण त्या डोळे मिटून ओळखायच्या. "बघायचं नाय. नाकानं कळतं," त्या म्हणायच्या, आणि खरोखर डोळे मिटूनच पाणी ओतायच्या. लहानपणी मला ती जादू वाटायची.

ओव्हन घ्यायच्या आधी त्या केक भाजायला गावातल्या एका बेकरीच्या भट्टीत नेत. प्रत्येक डब्याच्या बुडाला खिळ्याने खूण कोरलेली. वर स्वतः भट्टीसमोर स्टूल टाकून डबे बाहेर येईपर्यंत बसायच्या. एकदा मी बरोबर होते. बेकरीवाले चाचा वैतागून म्हणाले, "सिस्टर, घरी जावा. मी काय तुमचा केक खातो काय?"

"खाशील म्हणून नाय बसले," सिस्टर म्हणाल्या. "बदलशील म्हणून बसले."

चाचा हसले आणि त्यांनी चहा मागवला. सिस्टरांनी अर्थातच तो घेतला नाही.

पुढे मी पेणच्या एका शाळेत शिकवायला लागले. रोज रोहा-पेण जाऊन-येऊन करते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सिस्टर आजारी पडल्या, पण बऱ्या होऊन घरी आल्या. पुढच्या दोन्ही नाताळांना त्यांचा केक आला. एकदा आई सहज बोलून गेली, "यंदा किंचित कडू लागतोय का?" सिस्टरांनी बशीतला तुकडा उचलून उजेडात धरला आणि परत ठेवला. आता आठवलं की वाटतं, त्या वेळी त्यांनी तो हुंगला नव्हता. तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या नाताळच्या दोन दिवस आधी शाळा सुटल्यावर मी पेणच्या एस.टी. स्टँडवर उभी होते. समोरून सिस्टर आल्या. दोन्ही हातांत कापडी पिशव्या, जड. मला बघून त्या थबकल्या.

"सिस्टर, तुम्ही इथे?"

"दाताचा डॉक्टर," त्या म्हणाल्या. पिशव्या त्यांनी मागे घेतल्या. मी एक घेऊ लागले तर दिली नाही. गाडीत माझ्या शेजारी जागा होती, तरी त्या पुढे जाऊन बसल्या. मला ते खटकलं. सिस्टरांचे दात उत्तम होते, आणि दाताचे डॉक्टर रोह्यातही होते.

नाताळच्या सकाळी केक आला. आईने सुरी लावली आणि थांबली. कडा सरळ, साच्यातल्यासारख्या. वरच्या बाजूला बारीक बारीक खड्डे, जणू कुणी तिथून काही वेचून काढलं होतं. आईने फोड कापून उलटी केली. आतल्या बाजूला एक लालभडक तुकडा राहून गेला होता.

"टुटीफ्रुटी," आई म्हणाली. मग खुर्चीत बसली. "विकतचा आहे, मंजू. माझ्या चकल्या परत करणारी बाई आपल्याला विकतचा केक देते, आणि घरचा म्हणून देते."

मी पेणची भेट सांगितली, ती सांगायला नको होती. आई ऐकून गप्प बसणारी नाही. ती दोन घरी बोलली. दोन घरांची अकरा घरं व्हायला चार दिवसही लागले नाहीत. कुणी म्हणालं, म्हातारी आळशी झाली. कुणी म्हणालं, आधीपासून विकतचाच असेल, आपणच भोळे. नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला दरवर्षी आळीतली माणसं सिस्टरांकडे जायची. त्या वर्षी फारसं कुणी गेलं नाही. आई तर नाहीच.

मला मात्र चैन पडेना. शाळा उघडल्यावर मी स्टँडजवळच्या बेकरीत गेले. काचेमागे तोच केक होता, वर लाल-हिरव्या तुकड्यांचा थर. मी दुकानदाराला विचारलं, नाताळात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई येऊन गेल्या का?

"अकरा केक नेले," तो लगेच म्हणाला. "अशा गिऱ्हाईकाला कसं विसरेन? यात जायफळ आहे का, ताजं आहे का, शंभर प्रश्न. मी म्हटलं, मावशी, घ्या ना वास. तर म्हणाल्या, तूच घे आणि मला सांग. मी हसलो तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

ते ऐकून मी बाहेर आले. काहीतरी कळल्यासारखं वाटत होतं आणि काहीच कळत नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी मी ठरवून त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. "सिस्टर, आम्हाला खोटं का सांगितलंत?" असं सरळ विचारायचं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि गॅसचा वास नाकात भरला. मी स्वयंपाकघरात धावले. दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं, खालची आच विझली होती आणि गॅस चालूच होता. सिस्टर शेगडीकडे पाठ करून, चार हातांवर टेबलाशी बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. मोबाइलवर मोठ्या आवाजात भजनं चालू होती.

मी कॉक बंद केला, रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय झालं गो?"

"सिस्टर, गॅस! तुम्हाला वास नाही आला?"

त्यांनी शेगडीकडे पाहिलं. मग हातातला वाल वाटीत ठेवला, पदराने बोटं पुसली.

"नाय," त्या म्हणाल्या. "कोरोनात गेला तो परत आलाच नाय."

मी समोर बसले. जुळवून आणलेलं सगळं बोलणं विरून गेलं होतं. त्याच सांगू लागल्या. पहिल्या दोन नाताळांना त्यांनी घड्याळ लावून, अंदाजाने साखर जाळली. केक वाटला आणि प्रत्येक घरी थांबून खाणाऱ्याचं तोंड निरखलं. "बाई म्हणाल्या, कडू लागतोय. घरी येऊन मी तुकडा खाल्ला तर मला ना कडू लागला ना गोड. माती खाल्ल्यासारखं." यंदा तीनदा साखर जाळली, तिन्ही वेळा टाकून दिली. "दुसऱ्याच्या हातावर शंका आली तर आपण खात नाय, झालं. आपल्याच हातावर आली, तर काय करायचं गो?"

"मग सांगायचं ना आम्हाला!"

"कुणाला सांगू? लोकांच्या घरी वास घेत हिंडले जन्मभर. हसले असते." मग त्या म्हणाल्या, "आन् मुलाला कळलं तर तो मला इथं एकटी ठेवायचा नाय."

रोह्यात केक घेतला असता तर सगळ्या गावाला कळलं असतं, म्हणून त्या पेणला गेल्या होत्या. घरी आणल्यावर टेबलाशी बसून वरची टुटीफ्रुटी चिमट्याने एकेक करून काढली होती, अकराही केकांवरची.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. दुपारी ती एकटीच सिस्टरांकडे गेली आणि दिवेलागणीला परत आली. त्यांचं काय बोलणं झालं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती आळीतल्या बाकीच्या दहाही घरी गेली. आपण चुकलो, हे तिने प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं. माझ्या आईला हे किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक.

सिस्टरांनी मग स्वतःच मुलाला फोन करून खरं सांगितलं. तो येऊन गॅसची शेगडी काढून विजेची बसवून गेला, आणि एक वर्षाची मुदत देऊन गेला; त्यानंतर त्यांनी पुण्याला त्याच्याकडे यायचं.

पुढच्या डिसेंबरात सिस्टरांच्या स्वयंपाकघरात साखर जाळायला दोघी उभ्या राहिल्या. सिस्टर ढवळत होत्या, आई पातेल्यावर वाकून वास घेत होती. आजवर जिने रमच्या बरणीपासून पदर सांभाळला, तिने त्या दिवशी दोन्ही बरण्या स्वतः उघडल्या होत्या.

"आलं का, बाई?"

"नाही अजून."

"नीट घेताय ना वास?"

"सिस्टर, तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्यात. ही साखर काय निसटतेय! आता, आता ओता!"

सिस्टरांनी पाणी ओतलं. चर्र करून वाफ उठली. दोघी मागे सरल्या आणि हसायला लागल्या. मी इतकी वर्षं बघत होते, पण त्यांना एकत्र हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

केक निवाल्यावर सिस्टरांनी पहिली फोड आईला दिली. "खरं सांगायचं. मला काय कळायचं नाय, म्हणून खोटं बोलू नका."

आईने सावकाश खाल्लं. "रंग बरोबर आहे. कडू नाही. जायफळ जास्त झालंय."

"जायफळ जास्त," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की जणू कुणी फार मोठी स्तुती केली होती. वहीत त्यांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं.

मुदत संपल्यावर मुलगा न्यायला आला. घराला कुलूप लागलं. गाडीत बसताना त्यांनी आईचा हात धरला. "बाई, मी सगळ्यांना विचारत सुटले आयुष्यभर. मला मात्र कुणी विचारलंच नाय. मंजू आली म्हणून कळलं. परत कुणाची शंका आली तर घरात बोलू नका. त्याच्याकडे जावा." आईने मान हलवली. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती फाटकाशी उभी होती.

त्याच वर्षी पावसाळ्यात पुण्याहून फोन आला. सिस्टर झोपेतच गेल्या होत्या. आम्ही पोचलो तोवर दफन झालं होतं. आईने कबरीवर अबोलीचा गजरा ठेवला.

परवा समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर बाजारात आम्हा दोघींना भेटले आणि ओळख न दाखवता पुढे निघून गेले. घरी येऊन मी म्हटलं, "कशाचा राग आलाय कोण जाणे. हल्ली त्यांचं वागणं काही ठीक नाही." आई भाजीची पिशवी ठेवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवी तशीच जमिनीवर टेकवली आणि पुन्हा चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"विचारून येते," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून त्यांच्या दाराशी गेली.