शेपटी कापलेलं पाकट

कोकणातल्या बंदरावरच्या नोकरीची जाहिरात मीच शोधली होती. ट्रॉलरमधून उतरणाऱ्या मासळीत पाकटांच्या, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशांच्या, कोणत्या जाती येतात, ते ओळखून लिहून ठेवायचं काम. मी झाशीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. धाकटी बहीण माझ्याच वह्या वाचून एम.एस्सी. झाली. दोघींनी अर्ज केला. मुलाखतीत समोर बर्फातली पाकटं ठेवली होती. मी पेनाच्या टोकानं दाखवत लॅटिन नावं घडाघडा म्हटली. तिनं बाह्या सरसावल्या, एकेक पाकट उचलून उलटं केलं, तोंड-कल्ले पाहिले. नोकरी तिला मिळाली.

मग घरच्या ग्रुपवर रोज तिचे फोटो. गमबूट, ओला धक्का, सुपाएवढी चपटी पाकटं. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, पण आई लक्ष्मी गेटच्या दुकानदारांना मोबाइल दाखवायची, "देखो भैया, हमारी छोटी ने पहचानी है!" मी शेजारी भाजीची पिशवी धरून उभी. माझ्या वाट्याला फॉर्मलिनच्या बरणीतलं एकच पाकट, तेही पिवळं पडलेलं.

एका दुपारी तिनं मला विचारलं, "ताई, हे बघ. काट्याच्या भीतीनं कोळ्यांनी शेपटी आधीच कापलीय. पाठीवर काहीच नाही. बिनठिपक्यांची जात लिहू ना?"

मी फोटो मोठा केला. बुळबुळीत थराखाली, पाठीच्या मागच्या भागात, पुसट पांढरे ठिपके होते. 'धुऊन बघ' एवढंच लिहायचं होतं. मी लिहिलं, "हो, लिही."

चार दिवसांनी तिचा फोन आला. "इथले आमचे सर सगळ्यांसमोर बोलले गं. धुऊन का नाही पाहिलं म्हणाले. आता जुन्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासायच्या. तुला विचारलं होतं, हे नाही सांगितलं मी."

"मला ठिपके दिसले होते," मी म्हटलं.

तिच्या मागे लिलावाचा आरडाओरडा चालला होता. "मग?"

"तुझा हेवा वाटतो मला."

"ते माहीत होतं ताई. पण पाकटाच्या बाबतीत तू खोटं बोलशील असं नव्हतं वाटलं." तिनं फोन ठेवला.

तीन आठवडे फोटो बंद. आई विचारत राहिली, "भांडलात का गं?"

मग एक फोटो फक्त मला आला. दोन स्वच्छ धुतलेली पाकटं, शेजारीशेजारी. खाली लिहिलं होतं, "एकच जात का? खरं सांग."

प्रॅक्टिकल थांबवून मी तासभर तो फोटो पाहिला. "वेगळ्या वाटतात. डावीकडच्याचं नाक जास्त टोकदार आहे. पण फोटोवरून खात्री देत नाही, सरांना दाखव."

"दाखवते," एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक फोटो आला.

हेवा गेलाय असं नाही. परवा एका अहवालावर तिचं नाव छापून आलं, आईनं पेढे आणले. मी माझा पेढा बराच वेळ ताटलीतच ठेवला होता.