वळांचा रंग

माझा नवरा मॉनिटरलाही मारायचा. आधी वरून थाप, मग बाजूने चापट, मग मूठ. जव्हारमधल्या आमच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आला आणि त्याच्या हाताला दोन गिऱ्हाइकं झाली, एक मी आणि एक तो डबा. डबा निदान बिघडल्यावर मार खायचा. माझ्या बाबतीत तेवढंही निमित्त लागत नसे.

त्या उन्हाळ्यात ठाण्याहून आलेल्या एका दुरुस्तीवाल्याने मशीनवर नवं विंडोज टाकलं. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन निळी दिसू लागली. स्क्रीनवर दिसतो तोच रंग कागदावर यावा म्हणून आमच्याकडे रंग जुळवायचं एक सॉफ्टवेअर होतं. ते चालू असल्याचं खाली कोपऱ्यात दिसत होतं, पण रंग काही त्याचं ऐकत नव्हते. मी म्हटलं, हे नीट होईपर्यंत छापू नका. पण ऐकेल तर तो माझा नवरा कसला! प्रत्येक फोटोतला निळा रंग तो उपसून काढायचा, स्क्रीनवर माणूस माणसासारखा दिसेपर्यंत. कागद मात्र पिवळा यायचा. त्यात लगीनसराई, निम्मे फोटो हळदीचे, पिवळेपणाची तक्रार करणार कोण? उलट एका वरमाईने हळद छान खुललीय म्हणून कौतुक केलं. झालं, मग स्वारी जमिनीवर राहिलीच नाही.

अशात पोशेऱ्याची एक बाई भावाबरोबर आली. पुरुषांना बाहेर काढून मी पडदा ओढला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून तिने पाठ उघडी केली. खांद्यापासून कमरेपर्यंत वळ उठले होते, काही जांभळे, काही काळेनिळे, आणि दोन ठिकाणी कातडी फाटून मांस दिसत होतं. नवऱ्याने बैल हाकायच्या काठीने झोडपलं होतं, आणि काठी मोडल्यावर लाथांनी. मी फोटो काढले. पहिले दोन हलले, म्हणून पुन्हा काढले.

"बाजाराच्या दिशी मोखाड्याला गावकी बसंल," भाऊ म्हणाला. "तवर वळ जातील. मंग कोन मानंल?"

गावकीतली वयस्कर माणसं बाजाराच्या दिवशीच एकत्र येत, त्याआधी बसत नसत. मार खरा ठरला तर ती माहेरी राहणार होती. नाही ठरला तर परत त्याच दारात. "परत धाडली त मारूनच टाकील तो," भाऊ म्हणाला.

बाजाराच्या आदल्या दिवशी फोटो छापले माझ्या नवऱ्याने, त्याच्या पद्धतीने. कागदावर तिची पाठ जवळजवळ साफ होती. वळांच्या जागी पिवळट डाग, जुना नायटा बरा होत आल्यासारखे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, हे द्यायचे नाहीत, हे दिले तर ती मेली. "तू मला रंग शिकवणार?" म्हणत त्याने लाइटच्या स्टँडची नळी उचलली आणि दंडावर दोनदा घातली. मी प्रिंटरवर पडले. त्याने आधी प्रिंटरला काही लागलं का ते पाहिलं. मग कॅमेऱ्यांपैकी मोठा गळ्यात अडकवला आणि बाहेरगावच्या लग्नाला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी उजाडताच मी खाली येऊन मशीन लावलं, आणि पहिल्यांदाच सुरू होताना टक लावून पाहिलं. एरवी तोवर आमची भांडणं चालू असत. रंग क्षणभर अगदी नीट आले आणि मग कोणीतरी शाई सांडावी तशी सगळी स्क्रीन निळी झाली. पुन्हा बंद करून लावलं, पुन्हा तेच. म्हणजे आमचं सॉफ्टवेअर आपलं काम करत होतं आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी येऊन ते पुसून टाकत होतं. शोधत गेले तेव्हा सापडलं. नव्या विंडोजबरोबर स्क्रीनचं एक वेगळं सॉफ्टवेअर घुसलं होतं आणि तेही आपणहून सुरू होत होतं. मी त्याचं आपणहून सुरू होणं बंद केलं. निळेपणा गेला.

पण गेला म्हणजे रंग खरे झाले असं नव्हे. स्क्रीनला चिकटवून रंग मोजायची एक डबी होती, ती नव्या विंडोजला ओळखताच येईना. ताजा वळ कसा दिसतो, ते कशाशी ताडून पाहणार? तिच्या पाठीवरचे एव्हाना हिरवे-पिवळे पडले असणार. मग मी माझी बाही वर केली. दंड तिच्या पाठीसारखाच जांभळा झाला होता. घरात राहिलेल्या कॅमेऱ्याने, त्याच पडद्यापुढे, त्याच दिव्यात मी दंडाचा फोटो काढला, स्क्रीनवर लावला आणि दंड काचेशेजारी धरला. दोन्ही रंग एक होईपर्यंत स्क्रीन जुळवत गेले. मग त्या स्क्रीनवर पाहून तिची पाठ मूळ फोटोवरून छापली. कागदावर ती आली तशीच, पडद्याआड पाहिली होती तशी.

ती भावाबरोबर फोटो न्यायला आली तेव्हा स्क्रीनवर माझा दंड तसाच होता. तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"बाय, यो हात तुजा?"

मी म्हटलं, रंग तपासायला काढलाय.

"यो पन छाप," ती म्हणाली.

मी छापला. स्टुडिओला कुलूप लावलं आणि त्यांच्याच जीपमध्ये बसले, कारण माझं माहेर मोखाड्यातच. गावकीने फोटो हातोहात फिरवले. तिचा नवरा म्हणाला, पडली, पण फोटो पाहून गावकीने मार खरा धरला. ती तिथूनच भावाबरोबर माहेरी, पोशेऱ्याला गेली.

आमच्यात गावकी बसत नाही. आमच्यात सगळे शिकलेले, मास्तर नाहीतर कारकून, तेव्हा घरातलं घरात ठेवायचं. मी वडिलांसमोर माझ्या दंडाचा फोटो ठेवला. कचेरीत हयात घालवलेल्या माणसाने चष्मा लावून तो नीट पाहिला, उलटून मागचा कोरा कागदही पाहिला.

"हल्ली कॉम्प्युटरवर रंग वाढवता येतात म्हणे," ते म्हणाले.

मी बाही खांद्यापर्यंत वर ओढली. वडील उठले, आणि शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून आधी त्यांनी दार लावून घेतलं.

मी जाऊन ते सताड उघडलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मी परत जाणार नाही.